आधी गुरं, मग शेत

'आधी शेती आली, माणूस एका जागी बसला आणि मग त्यानं गुरं पाळली' असं नेहमी सांगितलं जातं, पण ते दख्खनला तरी सरसकट लागू नाही. आपल्या सोलापूरच्या खाली, कर्नाटकात सुरपूर भागात बुदिहाळला आणि तेलंगणात उतनूरला हजारो वर्षांपूर्वीचे राखेचे मोठमोठे ढिगारे सापडलेत. कित्येक वर्षं लोक त्यांना ज्वालामुखीची नाहीतर भट्टीची राख समजत. १९५७ मध्ये पुरातत्त्वज्ञ ऑल्चिन यांनी उतनूरला खणलं तेव्हा निघाला गुरांचा वाडा: कुंपणाच्या खुंटांचे खड्डे आणि राखेत चक्क खुरांचे ठसे! म्हणजे साचलेलं शेण पुन्हापुन्हा पेटवलेलं. बुदिहाळला पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ पद्दय्या यांनी वाड्याशेजारी वस्तीही दाखवली.

आमच्या गावाकडं उकिरडा एकदा धुमसायला लागला की आठ-आठ दिवस विझत नसे. वरून पांढरी राख, काठीनं उकरलं की आत लालभडक. त्यामुळं मला हे लगेच पटलं. पुढं या गुरं पाळणाऱ्यांकडं पिकंही दिसतात, पण कुठली? हुलगा (कुळीथ), मूग आणि बारीक तृणधान्यं. ज्वारी मूळची आफ्रिकेतली, ती नंतर आली. म्हणजे कडक भाकरीपेक्षा हुलग्याचं माडगं (पातळ कढण) जुनं. (सोलापूरकरांनी रागावू नये, मीही त्यातलाच.)