वठलेली झाडं डोंगरावरच राहू द्या (बव्हेरियन फॉरेस्ट, जर्मनी)

घाटमाथा:
परवा लुझन चढून आलो. १३७३ मीटरचा डोंगर, बव्हेरियन फॉरेस्ट नॅशनल पार्कात, चेक हद्दीला लागून. वाटेत एका वठलेल्या स्प्रूसवर (सुईसारख्या पानांचं, देवदारासारखं झाड) तीन बोटांचा सुतारपक्षी ठोकत होता, इतका गुंग की आम्ही दहा पावलांवर उभे राहिलो तरी हलला नाही. सालीचे ढलपे खाली पडत होते, एक उचलून पाहिला तर आतल्या बाजूला सालकिड्याने, म्हणजे सालीखाली राहून झाड वाळवणाऱ्या भुंग्याने, कोरलेली नक्षी. त्या किड्याच्या अळ्या हेच त्या पक्ष्याचं जेवण. खाली पार्किंगमध्ये एक ओळखीचे भेटले, म्हणाले केवढं लाकूड वाया चाललंय, कापून विकायला काय होतं? तेव्हापासून डोक्यात तेच आहे म्हणून धागा काढतोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, १ ऑगस्ट १९८३ च्या वादळात इथली झाडं आडवी झाली आणि तेव्हाचे बव्हेरियाचे मंत्री हान्स आयझेनमान यांनी ती उचलायची नाहीत असं ठरवलं. पुढे सालकिडा बेसुमार वाढला, ९० च्या दशकात माथ्यावरचे हजारो हेक्टर स्प्रूस वाळले, गावकरी संतापले. आज त्याच ठिकाणी कोणीही न लावलेली रोपं माझ्या डोक्याच्या वर गेलीत, कितीतरी तर कुजणाऱ्या ओंडक्यांवरच रुजलेली. ते ओंडके ओढून नेले असते तर ही कुठे रुजली असती?

पासाऊकर:
सुट्टीला जाऊन फोटो काढणाऱ्याला हे छान वाटणारच, राग मानू नका. माझ्या सासऱ्यांचं पार्कापासून जवळच नऊ हेक्टर रान आहे, सगळं स्प्रूस. किडा हद्द बघून उडत नाही. झाडाला किडा लागला की ते धावपळ करून कापून बाहेर काढायचं, आणि तेव्हा सगळ्यांचंच लाकूड बाजारात येतं म्हणून भाव मातीमोल. त्यांच्या वडिलांनी लावलेली झाडं होती ती. पक्ष्याचं घर दिसतं, माणसाचं दिसत नाही का?

घाटमाथा:
दादा, राग नाही, तुमचा मुद्दा खराच आहे. म्हणून तर पार्काच्या कडेला किमान ५०० मीटरचा पट्टा ठेवलाय, तिथे किडकी झाडं काढतातच. पण झाड करडं पडून साल सुटली की किडा त्यातून केव्हाच उडालेला असतो, ते कापून किडा थांबत नाही, फक्त लाकूड मिळतं. आणि जातं काय बघा. उरल घुबड मोडक्या खोडाच्या पोकळ टोकात अंडी घालतं. आउअरहान, म्हणजे तो टर्कीएवढा रानकोंबडा, त्याला उजेड आणि ब्लूबेरीची झुडपं लागतात, दाट स्प्रूसखाली ती धड येत नाहीत, वरची झाडं वाळली की येतात. मशीन घातलं की झुडपं चिरडली, माती दबली.

लाकूडफाटा:
आगीचं काय? २०२२ च्या सप्टेंबरात जर्मनीतल्याच हार्त्झ डोंगरात ब्रोकन शिखराजवळ आग लागली, तिथेही पार्कात वाळलेले स्प्रूस तसेच उभे होते. विमानं आणावी लागली विझवायला. वाळकं सरपण डोंगरावर रचून ठेवायचं आणि निसर्गावर सोडायचं हे मला पटत नाही.

देवराई_देवरुख:
सरपण आणि कुजणारा ओंडका एक नाही हो. बारीक फांद्या भडकतात, जाड खोड शेवाळ धरून ओल राखतं. आणि तोडीनंतर मागे काय उरतं तर फांद्या आणि पालाच ना! आमच्याकडे देवराईत पडलेली काटकी पण घरी न्यायची नाही असं आजी सांगायची, देवाचं आहे म्हणून. गरोदर बाईच्या चुलीलासुद्धा दुसरीकडून लाकडं आणायची. धनेशाला ढोलीचं जुनं झाड लागतं आणि तशी झाडं आता त्या राईतच उरलीत, बाहेरची कधीच तुटली.

लाकूडफाटा:
झाड वाळल्यावर पहिल्या दोन-तीन वर्षांत सुईसारखी पानं आणि फांद्या झाडावरच असतात तेव्हाचं बोलतोय मी. गावाजवळ, रस्त्यालगत तरी काढाच.

घाटमाथा:
रस्त्यालगतचं मान्य. अजून एक, पार्कातल्या संशोधकांनी वादळात पडलेल्या झाडांच्या सालीला मशीनने चरे पाडून बघितले. किडा वाढत नाही आणि लाकडात राहणारे बाकीचे भुंगे, बुरशी बऱ्याच वाचतात, खर्चही पूर्ण साल काढण्यापेक्षा कमी. ओंडका जागेवरच राहतो. सासऱ्यांच्या रानात पुढचं वादळ आलं तर करून बघता येईल का?

पासाऊकर:
विचारतो त्यांना. पण त्यांचं लाकूड विकायचंय, कुजवायचं नाही, हे लक्षात घ्या. माथ्यावर काही कापू नका, तिथे माझाही विरोध नाही, लेकीला घेऊन मीही जातो तो पक्षी बघायला. कडेचा पट्टा मात्र अजून रुंद करा, ५०० मीटर मला कमी वाटतात, आणि नुकसान झालं तर भरपाई हवी. त्यावर कोणी बोलतच नाही.