एक्सपी, पेजमेकर आणि यूएसबी लॉक: नव्या पीसीवर व्हर्च्युअल मशिनसाठी कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?

ऑफसेटवाला_कराड

नमस्कार मंडळी. कराडला आमचा छोटा ऑफसेट छापखाना आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं आणि ऑगस्ट-सप्टेंबरात पतसंस्थांचे वार्षिक अहवाल. सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते, त्यामुळे सगळ्या संस्था एकदमच अंगावर येतात. काम म्हणजे गेल्या वर्षीची फाईल उघडायची, ताळेबंदाचे आकडे बदलायचे, नव्या संचालकांचे फोटो घालायचे. या सगळ्या फायली पेजमेकर ७ (पानं जुळवायचं जुनं सॉफ्टवेअर) मध्ये, अक्षरं श्रीलिपीची (मराठी फाँटचं सॉफ्टवेअर), आणि सगळं एका विंडोज एक्सपीच्या डब्यावर, म्हणजे जुन्या पीसीवर. त्याची हार्ड डिस्क आता कटकट वाजायला लागली आहे.

नवा पीसी घेतोय, विंडोज ११ प्रो, १६ जीबी रॅम. दुकानदार म्हणतो एक्सपी व्हर्च्युअल मशिनमध्ये टाका, म्हणजे नव्या विंडोजच्या आत खिडकीत चालणाऱ्या नकली पीसीत. तो व्हर्च्युअलबॉक्स सुचवतो. भाचा म्हणतो हायपर-व्ही विंडोजमध्येच आहे, वेगळं काही नको. श्रीलिपीचं लॉक (जे खोचल्याशिवाय ती चालत नाही) यूएसबीचं आहे. डीटीपी सौ. बघतात, आणि 'मला नवीन काही शिकवू नका' हे त्यांनी आधीच बजावलंय. शिवाय 'फुकट' म्हणतात ते धंद्यातही फुकट असतं का? जाणकारांनी सांगावं.

जुनंयंत्र_सांगली

कराडकर, तुमच्या पोस्टमधली कामाची ओळ 'लॉक यूएसबीचं आहे' ही. रॅम आणि कोअर नंतर बघू. सांगली-मिरजेकडच्या छापखान्यांची आणि काही अडत दुकानांची एएमसी (कॉम्प्युटरच्या वार्षिक देखभालीचं काम) माझ्याकडे आहे. कुठंही गेलो की आधी डब्याच्या मागे वाकून बघतो, काय काय लावलंय. लॉक, डॉट मॅट्रिक्स, वजनकाटा. सॉफ्टवेअर कोणतं ते तिथं ठरतं.

हायपर-व्ही इथंच बाद. विंडोज प्रोमध्ये ते असतं हे भाचा बरोबर सांगतोय (होममध्ये नसतं), पण पीसीला लावलेलं यूएसबी लॉक ते आतल्या मशिनला सरळ देत नाही. नेटवर्कवरून यूएसबी पोचवणारी सॉफ्टवेअरं मिळतात, पण एका लॉकासाठी तो पसारा कुणी सांभाळायचा?

उरले दोन, व्हर्च्युअलबॉक्स आणि व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो. आता फुकटाचं. व्हर्च्युअलबॉक्सचं मूळ पॅकेज जीपीएल या खुल्या लायसनखाली आहे, छापखान्यात खुशाल वापरा. वरून टाकायच्या एक्स्टेन्शन पॅकची (जास्तीच्या सोयींची) गोष्ट वेगळी. तो स्वतःच्या घरगुती वापरासाठी आणि शिक्षणासाठी फुकट, धंद्यात वापरायचा तर ओरॅकलकडून लायसन घ्यावं लागतं. पूर्वी यूएसबी २ साठी तो लागायचाच, म्हणून यूट्यूबवरचे जुने व्हिडिओ सुरुवातच 'आधी पॅक टाका' अशी करतात. २०२२ मध्ये ७.० आवृत्ती आली तेव्हापासून यूएसबी २ आणि ३ दोन्ही मूळ पॅकेजात आहेत. तुम्हाला पॅकची गरज नाही, दुकानदाराला टाकू देऊ नका.

व्हीएमवेअर ही वर्कस्टेशनवाली कंपनी नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमनं घेतली. कायमची लायसन बंद झाली, वर्गणी आली, आणि सर्व्हरवाल्यांनी बोंब ठोकली ती अजून चालूच आहे. वर्कस्टेशन प्रो मात्र त्याच ब्रॉडकॉमनं नोव्हेंबर २०२४ पासून धंद्यालाही फुकट केलं. डाउनलोडला त्यांच्या पोर्टलवर खातं उघडावं लागतं आणि फुकटवाल्यांना फोनवर सपोर्ट नाही, एवढंच.

मी तुमच्या जागी असतो तर वर्कस्टेशन घेतलं असतं, ते वहिनींसाठी. लॉक खोचलं की ते विचारतं, हे बाहेरच्या विंडोजला द्यायचं की आतल्या मशिनला? निवड लक्षात ठेवायला सांगायची, की परत विचारत नाही. व्हर्च्युअलबॉक्समध्येही यूएसबी फिल्टर लावून हेच होतं, पण तो लावणारा माणूस हवा. पूर्ण स्क्रीन केली की समोर तीच हिरवी टेकडी आणि तेच पेजमेकर. वहिनींना शिकण्यासारखं काही उरत नाही.

व्हर्च्युअलबॉक्सच घेतलंत तर खालच्या पट्टीत हिरवं कासव दिसतंय का बघा. दिसलं म्हणजे विंडोजचं स्वतःचं हायपर-व्ही मागे चालू आहे आणि व्हर्च्युअलबॉक्सला त्याच्या डोक्यावर बसून चालावं लागतंय. विंडोज ११ मध्ये 'मेमरी इंटिग्रिटी' ही सुरक्षेची सोय चालू असली की हे होतंच. वर्कस्टेशनचीही तीच गत, फक्त ते कासव दाखवत नाही. त्या पीसीवर तुम्ही बँकेचं आणि जीएसटीचं लॉगिन करणार, म्हणून मेमरी इंटिग्रिटी बंद करू नका. एक्सपी एवढं हलकं आहे की काही अडत नाही.

आणि डबा चालतोय तोवर त्याच्या डिस्कची पूर्ण इमेज (जशीच्या तशी नक्कल, एका फायलीत) काढून ठेवा. आजच. वाजणारी डिस्क अहवालाच्या हंगामाची वाट बघत नाही.

ओपनसोर्स_नाशिक

प्रॉक्समॉक्सचा विचार केलात का? व्हर्च्युअल मशिनं चालवायचंच सॉफ्टवेअर. डेबियन लिनक्सवर आहे, आत केव्हीएम (लिनक्सचं व्हर्च्युअल मशिनचं इंजिन) आहे, एजीपीएल हे खुलं लायसन, धंद्यातही फुकट. वर्गणी घेतली नाही तर लॉगिन करताना एक सूचना येते, ती बंद करून पुढं जायचं. यूएसबी लॉकही देता येतं. उद्या टॅली सर्व्हर टाकायचा झाला तर त्याच डब्यात बसेल, बॅकअपही वेळापत्रकाने होतो.

जुनंयंत्र_सांगली

नाशिककर, प्रॉक्समॉक्स चांगलंच आहे, एका पतसंस्थेत मीच बसवलंय. पण ते अख्ख्या मशिनचा ताबा घेतं. त्या मशिनला मॉनिटर लावलात तर काळ्या पडद्यावर लॉगिन दिसतं, पेजमेकर नाही. आतलं एक्सपी बघायला दुसरा पीसी आणि ब्राउझर लागतो. ज्या बाईला माऊसनं ओळीतली जागा केसभर सरकवायची आहे तिला ब्राउझरमधल्या खिडकीत बसवू नका. दोन-तीन सर्व्हर असतील तिथं प्रॉक्समॉक्स.

डीटीपी_पुणे३०

मूळ दुखणं पेजमेकर आहे. एकदाच इनडिझाइन (पेजमेकरनंतरचं पानं जुळवायचं सॉफ्टवेअर) आणि युनिकोडवर या, सुटाल. नाहीतर दहा वर्षांनी हाच प्रश्न परत विचाराल.

ऑफसेटवाला_कराड

पुणेकर, पत्रिका युनिकोडवर नेल्याच आहेत. अहवालांचं अवघड आहे. कन्व्हर्टरमधून मजकूर काढला की रफार भलतीकडे जातात, आणि 'गतवर्षी' चुकीचं छापलं गेलं तर सचिव बिलाचे पैसे अडवतात. चाळीस पानी ताळेबंद परत कोण तपासणार?

जुनंयंत्र दादा, इमेज कशी काढायची? आणि छपाईची प्लेट आम्ही बाहेरून सीटीपीवर (कॉम्प्युटरवरून थेट प्लेट बनवणाऱ्या यंत्रावर) करून आणतो, त्यांना पीडीएफ लागते.

जुनंयंत्र_सांगली

पुणेकरांच्या सल्ल्यात अजून एक मेख आहे. पेजमेकरची फाईल उघडणारं शेवटचं इनडिझाइन सीएस६ होतं. त्यानंतरची, सीसीवाली, ती फाईल घेतच नाहीत.

इमेज: डबा बंद करून डिस्क बाहेर काढा, कन्व्हर्टर केबलनं दुसऱ्या विंडोज पीसीला जोडा आणि मायक्रोसॉफ्टचं डिस्क२व्हीएचडी चालवा. लहान आहे, फुकट आहे. 'व्हीएचडीएक्स वापरा'ची खूण काढून साधी व्हीएचडी (व्हर्च्युअल डिस्कची फाईल) बनवा. व्हर्च्युअलबॉक्स ती थेट उघडतं. वर्कस्टेशनसाठी क्यूईएमयू-आयएमजी या टूलनं तिची व्हीएमडीके (वर्कस्टेशनला चालणारी डिस्कची फाईल) करून घ्यावी लागते.

मशीन बनवताना डिस्क आयडीई (जुन्या पद्धतीची जोडणी) म्हणून जोडा. साटा (नंतरची जोडणी) दिलंत तर एक्सपीकडे ड्रायव्हर नसतो, निळी स्क्रीन येते आणि आकड्याच्या शेवटी ७बी दिसतं. यूएसबी २.० निवडा, ३ एक्सपीला कळत नाही. रॅम १ जीबी पुष्कळ झाली. नेटवर्क कार्ड काढूनच टाका. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला, त्याला इंटरनेट दाखवायचं काही कारण नाही. हार्डवेअर बदललेलं दिसलं की एक्सपी पुन्हा अ‍ॅक्टिव्हेशन मागेल. डब्यावर ओईएमचं (पीसीसोबतच आलेल्या विंडोजचं) स्टिकर असेल तर ते लायसन त्या डब्याशीच बांधलेलं असतं, तेव्हा रिटेल सीडी शोधून ठेवा.

पीडीएफ: पेजमेकर ७ सोबत अ‍ॅक्रोबॅट डिस्टिलर आलेला असतो, तोच वापरा. व्हीएमवेअर टूल्स टाकून (एक्सपीची जुनी आवृत्ती वेगळी घ्यावी लागते) शेअर्ड फोल्डर लावा. आत पीडीएफ त्या फोल्डरमध्ये टाकली की बाहेर विंडोज ११ वर दिसते, तिथून मेल करा. पहिली पीडीएफ प्लेटवाल्याला पाठवण्याआधी फाँट एम्बेड झालेत का (पीडीएफच्या आत बसलेत का) ते गुणधर्मांत बघा.

बॅकअप म्हणून स्नॅपशॉटवर (मशिनच्या जतन केलेल्या त्या क्षणाच्या अवस्थेवर) विसंबू नका, तो त्याच डिस्कवर असतो. मशीन पूर्ण बंद करून तिचं अख्खं फोल्डर बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. ती डिस्क एफएटी३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेली असेल तर ४ जीबीवरची फाईल घेणार नाही, एनटीएफएस करून घ्या.

ऑफसेटवाला_कराड

इमेज निघाली, एक्सपी आत चालू झालं, फायली उघडतात. पण लॉक मिळत नाही म्हणतं. वर्कस्टेशनच्या मेनूत लॉक दिसतंय, 'कनेक्ट' पण केलंय.

जुनंयंत्र_सांगली

आत डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं उद्गारचिन्ह असणार. लॉक काढा, आत लॉकचा ड्रायव्हर नव्यानं टाका, एक्सपी रिस्टार्ट करा आणि मगच लॉक खोचा. आणि ते पुढच्या पोर्टला नको, कॅबिनेटच्या मागे लावा. खुर्ची सरकवताना गुडघा लागून मोडलेलं लॉक मी पाहिलंय, आणि लॉकाची इमेज निघत नाही.

ऑफसेटवाला_कराड

झालं. मागे लावलंय. सौ. गेल्या वर्षीचा अहवाल उघडून बसल्यात, फक्त प्रिंट कुठे जाते ते विचारतायत.

जुनंयंत्र_सांगली

प्रिंटर बाहेरच्याच विंडोजला ठेवा. प्रुफाची पीडीएफ शेअर्ड फोल्डरमध्ये, प्रिंट तिथून.