रंकाळ्यावर फॅलारोप हा छोटा पाणपक्षी दिसला असावा. नोंद ग्राह्य धरली जावी यासाठी काय करावे?

धागाकर्ता:
नमस्कार. परवा सकाळी रंकाळ्यावर, संध्यामठाच्या बाजूला, साधारण तुतवारीएवढा एक पक्षी बदकासारखा तरंगत, स्वतःभोवती गिरक्या घेत पाण्यावरचे काहीतरी टिपताना दिसला. पोट पांढरे, पाठ करडी, डोळ्यामागे काळा पट्टा. लाल मानेचा फॅलारोप आर्क्टिकमध्ये वीण करतो आणि त्यातले बरेच पक्षी हिवाळा अरबी समुद्रात काढतात. म्हणून कोल्हापुरात तो दिसल्याचे लिहिताना मन धजावत नाही. दुरून काढलेली आठ अस्पष्ट छायाचित्रे आणि मोबाइलवरची छोटी चित्रफीत माझ्याकडे आहे. नोंद कशी करावी, कृपया सुचवावे.

प्रतिसाद १:
सर्वांत आधी, पुस्तक किंवा ओळख सांगणारे ॲप पुन्हा न उघडता, जे प्रत्यक्ष दिसले तेवढेच आज लिहून काढा: अंतर, उजेडाची दिशा, किती वेळ पाहिले, आवाज ऐकला का, शेजारी कोणते पक्षी होते. पुस्तक पाहिल्यावर स्मरणात चित्रातले रंग मिसळतात, हे मी स्वतः अनुभवले आहे. छायाचित्रांच्या मूळ फाइल तशाच जपून ठेवा. कातरलेल्या प्रती वेगळ्या करा. अस्पष्ट असली तरी आठही छायाचित्रे ठेवा, कारण एकात चोच तर दुसऱ्यात पाठ नीट दिसू शकते. तुमच्या बाबतीत चित्रफीत विशेष मोलाची आहे, कारण त्या गिरक्या शब्दांत सांगण्यापेक्षा पाहिल्यावर लगेच पटतात.

प्रतिसाद २:
वरील मताशी सहमत आहे. मात्र 'फॅलारोप' ठरला म्हणजे 'लाल मानेचा' ठरला असे नव्हे. हिवाळी पिसाऱ्यात राखाडी फॅलारोपही बराच तसाच दिसतो आणि भारतात तो फारच दुर्मीळ आहे. लाल मानेच्या फॅलारोपची चोच सुईसारखी बारीक असते व पाठीवर फिकट रेघा असतात. राखाडीची चोच जाड आणि पाठ जवळजवळ एकसारखी करडी असते. कोणता नव्हे आणि का नव्हे, हेही टिपणात लिहा.

ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर त्या फेरीतील सर्व पक्ष्यांची पूर्ण यादी द्या. दुर्मीळ नोंदीला तपासणीची खूण लागली तर घाबरू नका. परीक्षक तपशील विचारतात, तो अविश्वास नसतो. नोंद पुष्ट झाली नाही, तरी ती तुमच्या यादीत राहते, फक्त सार्वजनिक नकाशावर येत नाही. पुढे 'इंडियन बर्ड्स' नियतकालिकाकडे टिपण पाठवता येईल, पण त्याआधी जिल्ह्यातील जुन्या नोंदी तपासा. 'पहिलीच नोंद' हे शब्द घाईने वापरू नयेत.

धागाकर्ता:
मनःपूर्वक आभार. पाठीवरच्या फिकट रेघा तिसऱ्या छायाचित्रात दिसत आहेत. कॅमेऱ्याचे घड्याळ मात्र बारा मिनिटे पुढे निघाले. फाइलमध्ये बदल न करता तसे टिपणात नमूद करतो.