दौंडच्या पुढचं बिनपानाचं काटेरी झुडूप, गच्चीत लावू का?

गच्ची_सहकारनगर:
मंडळी, दौंडच्या पुढे मुरमाड माळावर एक झुडूप दिसलं, पुरुषभर उंच, पानं नाहीतच, नुसत्या हिरव्या काड्यांचा गुंता, बारीक आकडेबाज काटे आणि विटकरी लाल फुलं. नाव काय? ड्रममधे जगेल का? नर्सरीवाला म्हणतो शेर असणार, आणून देतो.

मुरूम:
शेर नाही हो. शेराला काटे नसतात आणि काडी मोडली की पांढरा चीक येतो, डोळ्यात गेला तर थेट डॉक्टर, घरात पोरं असतील तर आणूच नका. ही नेपती. राजस्थानातलं केर ते हेच, शास्त्रीय नाव कॅपॅरिस डेसिड्युआ.

चिंचगुळ:
पार्किन्सोनिया पण असू शकेल ना? त्याचंही खोड हिरवं आणि काटे आहेत.

पानवाली:
त्याची फुलं पिवळी, शिवाय ते मूळचं अमेरिकेतलं. नेपतीच्या फुलातून मधूनच एक लांब दांडा बाहेर येतो आणि अंडाशय त्याच्या टोकावर असतं, फळही तिथेच धरतं. काटे जोडीजोडीने. आणि बिनपानाचं म्हणू नका, नव्या फुटीवर चिमुकली पानं येतात पण लगेच गळतात, कारण पान म्हटलं की पाणी उडणार, मग अन्न करायचं काम हिरव्या काड्यांवरच. करीराला पान नाही यात वसंताचा काय दोष, असं सुभाषित आहे ना, ते करीर म्हणजे हेच. कवीने नवी फूट बघितली नसावी :)

गच्ची_सहकारनगर:
भारी! मग ड्रमचं काय?

मुरूम:
नको. मूळ खोल जातं, वाढ कासवाची, आणि आपल्या पावसाळ्यात ड्रममधे पाणी तुंबलं की संपलं. माळावरून उपटून तर अजिबात आणू नका, मूळ तुटतं आणि तिथलंही जातं. जमीन असेल तर पिकल्या लाल फळातलं ताजं बी थेट मुरमात टोचा. काळ्या मातीत नको.

चिंचगुळ:
हिरव्या फळांचं लोणचं मस्त होतं, पण आधी मिठाच्या पाण्यात नाहीतर ताकात मुरवून कडूपणा काढायचा, कच्चं खाल तर तोंड वाकडं.

पानवाली:
पायोनिअर फुलपाखराच्या अळ्या याच्यावर असतात, दिसल्या तर फवारा मारू नका प्लीज.

गच्ची_सहकारनगर:
यवतला सासऱ्यांचा मुरमाड तुकडा पडून आहे, तिथेच लावतो. उन्हाळ्यात कोणाला पिकली फळं मिळाली तर मला निरोप टाका, मी येऊन घेऊन जाईन.