नऊ हजारांत ऑफिस उभं राहतं म्हणे!

रोजकीर्द
परवा इथे ‘फुकटचा_सल्ला’ यांनी लिहिलं की नऊ हजारांत ऑफिसचा पीसी होतो. कंपनीतून निघालेला मिनी पीसी, म्हणजे टॉवरऐवजी छोटा डबा, घ्यायचा, मॉनिटरच्या पाठीला लावायचा आणि विसरून जायचं. वर हेही की शोरूममधून नवीन घेणारा छोटा व्यावसायिक गिऱ्हाईक नसतो, बकरा असतो. खाली वाहवा करणाऱ्यांची रांग. मी दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

माझं कराडला टॅक्सचं छोटं ऑफिस आहे, चार टेबलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये मी हेच केलं. इंटेलच्या सातव्या पिढीच्या आय-फाइव्ह प्रोसेसरचे डबे, चार नग, प्रत्येकी नऊ हजार. झाले ३६,०००. आता पुढचं ऐका. माझे मॉनिटर जुन्या व्हीजीए पिनचे, डब्याला मागे नुसते डिस्प्ले पोर्ट, म्हणजे पिनच वेगळी. पहिली सकाळ चार काळे पडदे बघण्यात गेली. कन्व्हर्टर चार, २,२००. दोन डब्यांत जुनी फिरती हार्ड डिस्क निघाली, हिशोबाचं टॅली उघडेपर्यंत चहा पिऊन व्हायचा. त्याजागी वेगवान एसएसडी डिस्क दोन, ३,८००. रॅम चार जीबी, ती वाढवली, ५,६००. एक अडॅप्टर जुलैच्या २० तारखेला, म्हणजे जीएसटीच्या थ्री-बी रिटर्नच्या शेवटच्या दिवशी, संध्याकाळी सहाला गेला. ती चौकोनी पिन गावात कोणाकडे नाही. साताऱ्याहून मागवला, १,४००. एकूण ४९,०००, म्हणजे डब्यामागे १२,२५०.

ऑगस्टमध्ये चारही पडदे एकाच आठवड्यात काळे पडले आणि कोपऱ्यात ‘विंडोज ॲक्टिव्हेट करा’. विक्रेता म्हणाला, ‘सर, सहा महिने चाललं ना?’ आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधारच, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून येणारे सुरक्षा अपडेट, संपला. सातव्या पिढीवर विंडोज ११ नियमाने बसत नाही. आठ महिन्यांत माल जुना.

मिनी पीसी वाईट असं मी म्हणतच नाही. नऊ हजार हा आकडा खोटा आहे, एवढंच म्हणतोय.

फुकटचा_सल्ला
नाव घेऊन धागा काढलात, धन्यवाद. तुम्ही न बघता माल उचलला आणि खापर माझ्यावर. उघडून बघायला एक स्क्रू असतो हो. हार्ड डिस्क आहे की एसएसडी हे घेताना नाही विचारलं? मॉनिटरला कुठली पिन आहे हे घरी नाही बघितलं?

आणि हिशोब करताय तर पूर्ण करा. जुना टॉवर रिकामा बसला तरी ५५-६० वॅट खातो, हा डबा १०-१२. फरक ४५ धरा. रोज दहा तास, वर्षाचे ३०० दिवस, म्हणजे एका टेबलामागे १३५ युनिट. व्यापारी मीटरला सगळं धरून १३ रुपये युनिट पकडलं तर १,७५५. चार टेबलांचे सात हजार वर्षाला सुटतात. हे तुमच्या रोजकीर्दीत कुठे दिसलं नाही.

रोजकीर्द
तो १३५ युनिटचा हिशोब बरोबर आहे, मान्य. पण अर्धाच. मी टॉवर विकून मिनी घेतले नव्हते. आधी दोन लॅपटॉप होते, ते मुलं शिकायला घेऊन गेली. त्यामुळे माझं बिल वाढलं.

हिंजवडी_फेज_अडीच
आयटीत ॲडमिन आहे, असले शेकडो डबे स्वतःच्या हाताने पुसून बाहेर पाठवलेत म्हणून लिहितो. तीन-चार वर्षांनी लीज संपते, लॉट निघतो. यंत्र मरतुकडं नसतं. कमी वीज खाणारा ३५ वॅटचा ‘टी’ प्रोसेसर, त्याने दिवसभर आउटलुक सोडून काही पाहिलेलं नसतं. मग मधली साखळी. चांगली रॅम काढून निकृष्ट घालायची, एसएसडी बदलायची, आमची लायसनं तशीच चालवायची.

रोजकीर्द काकांच्या सहा महिन्यांचं कोडं सोपं आहे. कंपनीच्या सर्व्हरवरून चालणारं ॲक्टिव्हेशन १८० दिवसांचं असतं. डबा सर्व्हरला भेटला नाही की संपलं. घेताना कमांड प्रॉम्प्टवर एसएलएमजीआर, स्पेस, स्लॅश, डीएलआय (slmgr /dli) एवढं लिहून एंटर मारा. खिडकीत ‘व्हॉल्यूम’ आणि ‘केएमएस’, म्हणजे कंपनीचं सर्व्हरवालं लायसन, दिसलं की डबा तिथेच ठेवा आणि चहा पिऊन घरी या. दुसरं, बायोसला, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगला, पासवर्ड आहे का ते दुकानातच बघा. तो राहिला असेल तर पुढे कोणी वाली नाही.

घ्यायचा तर आठवी पिढी किंवा पुढची. लेनोव्होचा एम ७२० क्यू, डेलचा ऑप्टिप्लेक्स ३०६० मायक्रो, एचपीचा एलिटडेस्क ८०० जी-फोर मिनी. विषय संपला.

ग्रँटरोडकर
विषय संपत नाही साहेब. मी हाच धंदा करतो, सगळ्यांना एका दोरीत बांधू नका. गिऱ्हाईक येतं आणि पहिलं वाक्य काय? ‘ऑनलाइन साडेआठला दिसतोय.’ साडेआठला द्यायचा तर मी त्यात काय घालू, माझी किडनी? आठव्या पिढीचा, आठ जीबी, नवी एसएसडी, कंपनीचाच अडॅप्टर, एक वर्ष वॉरंटी आणि पक्कं बिल असा १५-१६ ला देतो. त्याला गिऱ्हाईक ‘लुटारू’ म्हणतं आणि पुढच्या गाळ्यात जातं. तिथे साडेआठला मिळतो. मग सहा महिन्यांनी काळा पडदा.

आणि सध्या रॅमचे भाव चढलेत. गेल्या वर्षीचे दर लक्षात ठेवून येऊ नका.

रोजकीर्द
पक्कं बिल म्हणजे कुठलं? मला मिळालं ते मार्जिन स्कीमचं, म्हणजे विक्रेता फक्त स्वतःच्या नफ्यावर कर भरतो. त्यावर जीएसटी वेगळा दिसतच नाही, मग इनपुट क्रेडिट, म्हणजे भरलेल्या कराची वजावट, विसरा. नवीन घेतला असता तर १८ टक्के परत मिळाले असते. मी टॅक्सवाला असून हे बघायचं विसरलो, हे लिहिताना मलाच लाज वाटते. घसारा मात्र जुन्यालाही ४० टक्केच मिळतो, तेवढंच समाधान.

ग्रँटरोडकर
आम्ही कंपनीकडून टॅक्स इनव्हॉइसवर घेतो आणि पूर्ण १८ लावून देतो. पण नऊपैकी आठ जण म्हणतात ‘बिल नको, तेवढे कमी करा’. त्यात टॅक्सवालेही असतात. हलके घ्या.

खारा_वारा
रत्नागिरीहून. तुम्ही सगळे लोड शेडिंग विसरलात की तुमच्याकडे ते होतच नाही? डब्याला बॅटरी नसते. लाइट गेली की भरलेलं रिटर्न गेलं. त्यापेक्षा जुना लॅपटॉप घ्या, मॉनिटर जोडा, बॅटरी अर्धा तास टिकली तरी पुष्कळ. माझ्याकडे तीन टेबलं तशीच चालतात.

रोजकीर्द काका, ती चौकोनी पिन त्याच कंपनीच्या लॅपटॉपच्या चार्जरला असते. माझ्याकडे एकच मिनी आहे, त्याचा अडॅप्टर गेला तेव्हा नवऱ्याच्या लॅपटॉपचा चार्जर लावून महिना काढला. नवरा अजून चार्जर शोधतोय.

पेंग्विन
सगळ्यावर एकच उपाय, लिनक्स मिंट. सातवी पिढी काय, चौथीही पळते.

रोजकीर्द
त्यावर टॅली आणि डीएससीचं, म्हणजे डिजिटल सहीचं, टोकन चालवून दाखवा. पगार देतो.

टाईपखिळा
मी थोडं वेगळं लिहितो. सांगली भागात छापखाना आहे, वडिलांपासून. माझ्याकडे सहाव्या-सातव्या पिढीचेच तीन डबे आहेत आणि मला तेच हवेत. पानं लावायच्या पेजमेकरवर पंचवीस वर्षांच्या फायली आहेत, फॉन्टच्या सॉफ्टवेअरचा डाँगल (तो लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही) आहे, आणि ते सगळं विंडोज १० वर मुंगी शिरणार नाही इतकं पक्कं बसलंय. नेटची वायर काढून ठेवली आहे. आधार संपला म्हणे. संपू दे. लग्नपत्रिकेला कुठला व्हायरस येणार?

ऱ्हस्वदीर्घ
हे वाचून हसावं की रडावं! २०२६ उजाडलं तरी मराठी माणूस डाँगल लावून टाइप करतो. तुमची फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली की नुसती चिन्हांची रांगोळी. शोधता येत नाही, वाचून दाखवता येत नाही, कॉपी करता येत नाही. पंचवीस वर्षांच्या त्या फायली म्हणजे मजकूर नाही, चित्रं आहेत. युनिकोडला, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर तशीच दिसणाऱ्या अक्षरांना, या, मग डब्याच्या पिढीचा प्रश्नच उरत नाही.

टाईपखिळा
आलो होतो युनिकोडला. विंडोजच्या त्या ठरलेल्या फॉन्टमध्ये पत्रिका लावली. ‘ल’ हिंदी वळणाचा, ‘श’ हिंदी वळणाचा. मुलीच्या वडिलांनी प्रूफ बघितलं आणि विचारलं, ‘आमचं लग्न कानपूरला आहे का?’ पेजमेकरला युनिकोड कळतच नाही, ‘र्’ एकीकडे, वेलांटी तिसरीकडे. ‘ऱ्हास’ लिहायला गेलो तर खरंच ऱ्हास झाला. तुम्ही आयडी ऱ्हस्वदीर्घ घेतलाय, तो छापून दाखवा आधी.

ऱ्हस्वदीर्घ
पेजमेकरची ७.० ही आवृत्ती २००१ ची! त्याच्या चुकीचं खापर युनिकोडवर फोडताय? पेजमेकरच्या जागी आलेल्या इनडिझाइनमध्ये देवनागरी नीट जुळते, कंपोझर नावाचं एक सेटिंग बदलावं लागतं एवढंच. मुक्ता, बलू असे फुकट फॉन्ट आहेत. शासनाने २०२२ मध्ये पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श परत आणले, ते देणारे फॉन्टही आहेत. फक्त शोधायचे कष्ट नकोत तुम्हाला.

टाईपखिळा
कष्टाचं तुम्ही मला सांगू नका. वडील खिळे जुळवायचे, रात्री घरी यायचे तेव्हा बोटं काळी. मी त्या खिळ्यांच्या केसमधला ‘क्ष’ कुठल्या खणात ते डोळे मिटून सांगतो. इनडिझाइनचं दर महिन्याचं भाडं कोण भरणार, तुमचं शासन? पत्रिकेचा हंगाम वर्षात पाच महिने, भाडं बारा महिने. आणि माझे दोन कामगार टाइपरायटरच्या पाटीवर, म्हणजे जुन्या कीबोर्डवर, शिकलेले. त्यांना इन्स्क्रिप्टची नवी पाटी शिकवा म्हणजे मग मी पुढच्या तुळशीच्या लग्नाला मोकळा होतो.

ऱ्हस्वदीर्घ
टाइपरायटरची ती रेमिंग्टन पाटीही युनिकोडमध्ये मिळते. पण तुम्हाला ऐकायचंच नाही, तर राहा डबक्यात.

टाईपखिळा
डबकं? तुमच्या घरच्या पत्रिका कुठे छापल्या होत्या ते विचारा एकदा घरात.

हिंजवडी_फेज_अडीच
अवांतर थांबवा राव. मूळ धागा मिनी पीसीचा आहे, इथे साहित्य संमेलनाचा मांडव पडला. टाईपखिळा काका, वायर काढलीत हे उत्तम, पण गिऱ्हाईक पेनड्राइव्हवर मजकूर आणतं ना? व्हायरस त्या दारानेही येतो. आणि डाँगल मेला तर? त्या पंचवीस वर्षांच्या फायलींची निदान पीडीएफ काढून ठेवा.

टाईपखिळा
पीडीएफचं बरोबर आहे. पेनड्राइव्हचंही. मागच्या वर्षी सगळे फोल्डर शॉर्टकट झाले होते, ते मी मुद्दाम लिहिलं नव्हतं.

फुकटचा_सल्ला
हुश्श. आता माझ्याकडे वळा. सातव्या पिढीवरही विंडोज ११ बसतं, पेनड्राइव्ह बनवताना ती अट उडवता येते. माझ्या दोन्ही डब्यांवर बसवलंय, मस्त चाललंय.

हिंजवडी_फेज_अडीच
बसतं. पण पुढची मोठी आवृत्ती आपोआप येईलच याची खात्री नाही, आणि एखाद्या अपडेटला अडकलं तर तक्रार करायला जागा नाही. घरी करा. दुसऱ्याची रिटर्नं भरणाऱ्या ऑफिसात मी करणार नाही. रोजकीर्द काकांसाठी बरा मार्ग म्हणजे विंडोज १० ची वाढीव सुरक्षा, घरगुती वापराला ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. तेवढ्यात एकेक डबा बदला.

रोजकीर्द
ऑफिस हे घरगुती कसं, हा प्रश्न मी टॅक्सवाला म्हणून विचारत नाही. विचारला तर उत्तर मलाच लिहावं लागेल.

काल एक डबा सकाळी उघडला तर तारीख १ जानेवारी २०१८. जीएसटीची साइट म्हणते, तुमचं कनेक्शन सुरक्षित नाही. मी नेटवाल्याला शिव्या घातल्या, राउटर तीनदा बंद-चालू केला, पोरगी ‘सर, घड्याळ बघा’ म्हणेपर्यंत अकरा वाजले. यावरही कोणाकडे एक स्क्रू आहे का?

फुकटचा_सल्ला
आहे. आतल्या घड्याळाचा सेल संपलाय. २०३२ नंबरचा गोल सेल, घड्याळवाल्याकडे ३०-४० रुपयांना. झाकण काढा, बोर्डावर दिसेलच. आणि ठीक आहे, लिहितो: पुढच्या वेळी नऊऐवजी ‘पंधरा हजार, आठवी पिढी’ असं लिहीन. पण ‘खोटा’ शब्द मागे घ्या.

रोजकीर्द
‘अपुरा’ करतो. याहून पुढे जाणार नाही. सेल आणायला पोरगी गेली आहे.

खारा_वारा
सेलबरोबर पंखाही साफ करा. माझ्या मिनीतून काढला तेव्हा गोधडीला अस्तर लावता आलं असतं.

टाईपखिळा
ग्रँटरोडकर, तुमच्याकडे सातव्या पिढीचे दोन पडलेत का? आता ते कोणाला नकोत तर भाव उतरला असेल. बिल पक्कंच हवं. डाँगल यूएसबीचा आहे, मागे चार जागा तरी हव्यात. इथेच सांगा. आणि युनिकोडवाल्या साहेबांनी कृपया यावर प्रतिसाद देऊ नये.