पावसाळा संपला, आर्द्रतेचे प्रोब काढून कसे ठेवायचे?

हळदवाला_सांगली: गोदामातले हवेतला ओलावा मोजणारे प्रोब पुढच्या पावसापर्यंत काढून ठेवायचेत. स्टोअरवाला म्हणतो, थर्मोकोलच्या खोक्यात डांबरगोळ्या टाकून ठेवू. चालेल?

कॅलिब्रेशनकाका: डांबरगोळ्या? अहो, कपाटातली शाल आहे का ती! प्रोबच्या सेन्सरमध्ये पॉलिमरची पातळ फिल्म असते. ती बाष्पासोबत गोळ्यांची, थिनरची वाफही ओढते आणि रीडिंग सरकतं. साधं पुठ्ठ्याचं खोकं घ्या, रंगाच्या डब्यांपासून लांब. टोपीची जाळी हळदीने बुजली असेल, ती काढून मऊ ब्रशने झटका. सेन्सरला बोट नको. कॉम्प्रेसरची हवा तर मुळीच नको, तिच्यातून तेल येतं.

हळदवाला_सांगली: सिलिका जेल तरी?

कॅलिब्रेशनकाका: अगदी कोरडं करू नका, मध्यम आर्द्रता बरी. एअर ड्रायरवरच्या, म्हणजे कॉम्प्रेसरची हवा सुकवणाऱ्या यंत्रावरच्या, दवबिंदू प्रोबची गोष्ट वेगळी, त्याला कोरडंच लागतं. परत लावण्याआधी मिठाची परीक्षा घ्या: बंद बरणीत मीठ आणि चिखल होईल एवढंच पाणी. प्रोब आत लटकवला की २५ अंशाला रीडिंग ७५ टक्के यायला हवं. रात्रभर ठेवा, प्रोब मिठाला टेकू देऊ नका.

पॅनेलवाला: कनेक्टरला टोप्या घाला. आणि कुठला प्रोब कुठल्या भिंतीवरचा, ते आत्ताच लिहा.