अफगाण चर्च: नावाचा घोळ

एकाने विचारलंय की कुलाब्याचं अफगाण चर्च अफगाण लोकांनी बांधलं का. नाही हो! पाटीवरचं नाव सेंट जॉनचं. पहिल्या अफगाण युद्धात आणि सिंधच्या मोहिमेत मेलेल्या ईस्ट इंडिया कंपनीच्या सैनिकांचं ते स्मारक, म्हणून लोकांच्या तोंडी 'अफगाण' बसलं.

पायाभरणी १८४७ची, चर्च खुलं झालं १८५८ला. मनोरा मात्र १८६५पर्यंत रखडला. पैशांची तंगी, दुसरं काय! कावसजी जहांगीर या पारशी दानशूराने मनोऱ्यासाठी पैसे दिले. उंची १९८ फूट. पूर्वी बंदरात शिरणारी जहाजं याच टोकाकडे बघून दिशा धरत.

आराखडा शहर अभियंता हेन्री कॉनिबेअरचा. गॉथिक पद्धतीच्या टोकदार कमानी, सागवानी छप्पर. आतली फरशी न्याहाळायला खाली वाकावंच लागतं. नक्षी इंग्लिश वास्तुकार विल्यम बटरफील्डची, फरश्या इंग्लंडहून आलेल्या. बाकांना बंदुका टेकवायला खाचा आहेत. प्रार्थनेलाही शस्त्र जवळ, यातच तो काळ आला.

मला खिळवून ठेवतो तो भिंतीवरचा लेख. अधिकाऱ्यांची नावं कोरलीत, आणि शिपायांबद्दल एवढंच की ते इतके होते की सगळ्यांची नावं लिहिणं शक्य नाही. आजाराने गेलेले आणि तलवारीने गेलेले, दोन्ही त्यात आले. मी तिथे उभा राहून अधिकाऱ्यांची नावं मोजायला लागलो आणि मध्येच सोडून दिलं.

नेव्हीनगरकडे जाणार असाल तर वाटेतच आहे, रविवारी सकाळी डोकावा.